जिल्ह्याचा रेडिओ वार्ताहर: काम, सामान, मानधन आणि घर

कृष्णाकाठ

आकाशवाणीच्या जिल्हा वार्ताहराच्या कामाबद्दल इथे तुकड्यातुकड्याने बरेचदा विचारलं जातं. सगळी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. उदाहरणं सांगली-कोल्हापूरची देतो, कारण पुराच्या दिवसांत या कामाची खरी परीक्षा होते.

आधी नोकरीचं स्वरूप. पदाचं नाव अंशकालीन वार्ताहर. जिल्ह्याला साधारण एकच असतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे प्रादेशिक वृत्त विभाग आहेत. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरच्या बातम्या पुण्याला जातात. सांगली केंद्र १९६३ पासून आहे, पण प्रादेशिक बातमीपत्र तिथे तयार होत नाही. "सांगली आकाशवाणीत बातम्या द्यायला जातो" असं लोक बोलतात, प्रत्यक्षात वार्ताहर पुण्याच्या डेस्कला (बातम्या निवडून संपादित करणाऱ्या विभागाला) जोडलेला असतो आणि त्याचं ऑफिस म्हणजे त्याचं घर.

जाहिरातीतल्या अटी साधारण अशा: वय २४ ते ४५, पदवीबरोबर पत्रकारितेची पदविका किंवा किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि मुक्काम जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा तिथून १० किलोमीटरच्या आत. मुक्कामाच्या अटीवर बरेच अर्ज बाद होतात. तासगाव किंवा जतचा पत्ता देऊन "रोज सांगलीला येतो" म्हटलं तर चालत नाही. भाडेकरार, रेशनकार्ड, वीजबिल यांवरचा पत्ता अर्ज करण्याआधीच जुळवून घ्या.

करार मुदतीचा आणि मानधनाचा. भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. ही नोकरी पूर्णवेळ आहे असं समजून लग्न ठरवू नका आणि घरकर्जाचा हप्ताही ठरवू नका. घरात दुसरं उत्पन्न हवंच. शेती, शिकवणी, भाषांतर, जाहिरातींना आवाज देणं, यांतलं काहीतरी जोडीला असलेलेच या कामात टिकतात. मात्र राजकीय पक्षाचं पद आणि ठेकेदारी या दोन गोष्टी जोडधंदा म्हणून अजिबात नकोत.

मध्यमलहर

उत्तम सुरुवात. बातमी लिहिण्याबद्दल भर घालतो, कारण वर्तमानपत्रातून आलेले बहुतेक जण तिथेच अडखळतात.

मराठी बातम्या वाचण्याचा वेग मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात सगळे जिल्हे बसवायचे, म्हणजे तुमच्या वाट्याला ३५ ते ४५ शब्द येतात. पेपरच्या पद्धतीने लिहिलेलं एकच वाक्य तेवढं असतं. नमुना बघा:

"राधानगरी धरणाच्या पाणलोट क्षेत्रात गेल्या चोवीस तासांत झालेल्या मुसळधार पावसामुळे धरण शंभर टक्के भरल्याने आज पहाटे धरणाचे सहा क्रमांकाचे स्वयंचलित द्वार उघडले असून त्यातून १४२८ व वीजगृहातून १५०० असा एकूण २९२८ क्युसेक विसर्ग भोगावती नदीपात्रात सुरू असल्याची माहिती पाटबंधारे विभागाच्या सूत्रांनी दिली."

वाचणाऱ्याचा दम संपतो, आणि ऐकणाऱ्याला "सूत्रांनी दिली" एवढंच आठवतं. आता रेडिओसाठी:

"राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा आज पहाटे उघडला. धरण पूर्ण भरले आहे. भोगावती नदीत आता एकूण सुमारे दोन हजार नऊशे क्युसेक पाणी जात आहे. नदीकाठच्या लोकांनी पात्रात उतरू नये, जनावरे आणि पाण्याच्या मोटारी वर घ्याव्यात, असे पाटबंधारे विभागाने सांगितले आहे."

चाळीस शब्द, २३-२४ सेकंद. पहिल्या वाक्यात घटना, आणि शेवटी ऐकणाऱ्याने काय करायचं ते. आकडे अक्षरांत लिहा. २९२८ वाचताना निवेदकाची जीभ "एकोणतीसशे" म्हणावं की "दोन हजार नऊशे" यात अडकते, तो निर्णय तुम्ही कागदावरच घ्या. सर्वनामं टाळा. पेपरात "त्यांनी" म्हटलं तर नजर वरच्या ओळीवर जाऊन नाव शोधते. रेडिओ ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही.

आणखी एक बारकावा. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी वाढली की आपोआप उघडतात. त्यामुळे "पाणी सोडले" लिहू नका, "दरवाजा उघडला" लिहा. कोयनेचे सहा वक्र दरवाजे मात्र निर्णय घेऊन उचलले जातात, तिथे "सोडले" बरोबर. ऐकणारा शेतकरी हा फरक जाणतो. चुकलात तर पुढच्या बातमीवरही त्याचा विश्वास राहत नाही.

वारणाकाठी

मध्यमलहर, "सुमारे दोन हजार नऊशे" ठीक. पण हा नियम नदीच्या पातळीला लावू नका, ही कळकळीची विनंती.

विसर्गाचा आकडा गोळाबेरीज करून चालतो, पातळीचा चालत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा ४० आणि धोका ४५ फूट. पातळी ४२ फूट १० इंच असताना "सुमारे त्रेचाळीस फूट" वाचलं गेलं, तर नदीनं धोका पातळी गाठली असा अर्थ निघतो आणि चिखलीत, आंबेवाडीत लोक बिऱ्हाड हलवायला लागतात. उलट ४३ फूट २ इंच असताना "सुमारे त्रेचाळीस" म्हटलं तर धोका ओलांडलेला कळतच नाही. इंच द्या, कोणत्या वाजताची पातळी ते द्या, आणि वाढतेय की उतरतेय ते द्या. तीनपैकी एक गोष्ट नसेल तर बातमी अर्धी.

वेळेचं महत्त्व तर फार. सकाळी सातच्या पातळीवर लिहिलेली बातमी संध्याकाळच्या बातमीपत्रात "आता" म्हणून गेली की गोंधळ होतो. डेस्कला पाठवताना ओळीच्या सुरुवातीलाच "स. ७ वा. ची पातळी" लिहा.

मध्यमलहर

मान्य. नियम असा म्हणू या: ज्या आकड्याला उंबरठा आहे, तो आकडा गोळाबेरीज करायचा नाही. पावसाचंही तेच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि पुढे पंचनामे, भरपाई त्यावर ठरते. ६३ ला "सुमारे पासष्ट" म्हणणं चूकच. शिवाय अतिवृष्टी "तालुक्यात" झाली असं सरसकट लिहू नये, मंडळाचं नाव द्यावं. शिराळ्याच्या पश्चिमेला ढगफुटीसारखा पाऊस असतो तेव्हा त्याच जिल्ह्यात जतला धूळ उडत असते.

टीएमसी आणि क्युसेक यांची गल्लतही नेहमीची. टीएमसी म्हणजे अब्ज घनफुटांत मोजलेला साठा, क्युसेक म्हणजे सेकंदाला वाहणारे घनफूट. साधारण साडेअकरा हजार क्युसेक विसर्ग दिवसभर चालला तर एक टीएमसी पाणी जातं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, वारणेची ३४.४०. हे आकडे भिंतीवर लावून ठेवा. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडले ही बातमी घबराट होईल अशा सुरात देऊ नये, तो विसर्ग नेहमीचा असतो. वक्र दरवाजे उचलले की मात्र बातमी वेगळी.

नवी_पालवी

खूप उपयोगी धागा. दोन प्रश्न. ध्वनिमुद्रणासाठी काय सामान लागतं? आणि सामुदायिक रेडिओवर काम करणाऱ्यांनाही हेच लागू होतं का? माण तालुक्यातल्या केंद्रावर कामाची संधी आहे, म्हणून विचारते.

ध्वनिलेख

ताई, सामानाचं सांगतो.

महागडं काही लागत नाही. चांगल्या अवस्थेतला मोबाइल, त्यावर वेव्ह फाइल (आवाज न दाबता पूर्ण दर्जात ठेवणारी) मुद्रित करणारं अ‍ॅप, एक कॉलर माइक आणि एक हातात धरायचा डायनॅमिक माइक. दोन्हींना स्पंजची टोपी. वाऱ्यात स्पंज पुरत नाही, त्यावर लोकरी कव्हर लागतं. २०,००० एमएएचची पॉवर बँक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, आणि तारेचा इअरफोन. मुद्रण ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, उंच शब्दाला उणे ६ पर्यंत जाईल. शून्याला लागलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

मुद्रण सुरू करण्याआधी विमान मोड लावा. मध्येच कॉल आला तर मुलाखत थांबते, आणि नेटवर्कची 'टर्रर्र' कॉलर माइकच्या तारेत शिरते. माइक तोंडापासून चार बोटं ते एक वीत अंतरावर, तोंडाच्या सरळ पुढे न धरता जरा बाजूला. मराठीत भ, फ, प, ध फार येतात. माइक समोर असला की "भोगावती" म्हणताना फटाका फुटतो.

बोलणं संपलं की लगेच बंद करू नका. त्याच जागेचा मोकळा आवाज तीस सेकंद घ्या. संपादनात दोन तुकडे जोडताना मध्ये तोच भरायचा असतो, नाहीतर वाक्यांच्या मध्ये भोक पडल्यासारखं ऐकू येतं.

घरी आवाज मुद्रित करताना सर्वांत मोठे शत्रू पंखा, फ्रीज आणि शेजारची बोअरची मोटर. पंखा, फ्रीज बंद करा, आणि फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. किल्ली घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, म्हणून फ्रीज चालू करायचं विसरत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोलायचं. मागच्या बाजूला दोरीवर वाकळ टाकली तर खोलीचा घुमारा जातो. प्रवासात असाल तर चारचाकीत काचा वर, इंजिन बंद. पावसात छत्रीखाली मुद्रण करू नका. छत्रीवरचा पाऊस माइकला ताशासारखा ऐकू जातो.

आवाज साफ करणारी सोय ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादन अ‍ॅपमध्ये आहे, पण ६ ते ९ डेसिबलच्या पुढे जाऊ नका. माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटायला लागतं. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं तर वाऱ्याची घरघर निम्मी जाते. पंख्याची आणि विजेची गुणगुण मात्र ५० हर्ट्झच्या पटीत वरपर्यंत असते, ती पूर्ण जात नाही. म्हणून पंखा आधीच बंद करा.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिसंदेश म्हणून पाठवू नका, दाबून लहान होतो. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. नाव असं: तारीख_जिल्हा_विषय_सेकंद. "न्यू रेकॉर्डिंग १७" नावाची फाइल डेस्कवर हरवते.

मध्यमलहर

ध्वनिलेख, सगळं बरोबर, पण पूर ऐन भरात असताना नेटवर्क तासन् तास नसतं. तेव्हा दर्जाच्या मागे लागून बातमी उशिरा देण्यापेक्षा चांगला ऐकू येणारा ध्वनिसंदेश लगेच द्यावा. तोही गेला नाही तर मजकुराचा साधा एसएमएस. तीन ओळींचा एसएमएस जातो तिथे फाइल जात नाही.

ध्वनिलेख

तातडीच्या बातमीला हेच करावं. मूळ वेव्ह फाइल मात्र ठेवून द्या, संध्याकाळच्या बातमीपत्रात तीच वापरता येते.

कृष्णाकाठ

पालवीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. सामुदायिक रेडिओचा, म्हणजे स्थानिक संस्थेनं आपल्या परिसरासाठी चालवलेल्या छोट्या केंद्राचा, कायदा पूर्ण वेगळा आहे, आणि कामाला लागण्याआधी तो माहीत हवा. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, बारामतीची वसुंधरा वाहिनी ही या प्रकारची केंद्रं. ट्रान्समीटर साधारण ५० वॉटचा, प्रसारित ताकद साधारण १०० वॉटपर्यंत, त्यामुळे पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. डोंगर आडवा आला तर त्याहून कमी.

खासगी एफएम आणि सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, फेरफार न करता लावता येतं. पण काही विषय बातमी धरले जात नाहीत: हवामान, वाहतूक, स्थानिक कार्यक्रम, सण, खेळ, परीक्षांचे निकाल, प्रवेश, रोजगार, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे. म्हणजे "उद्या सकाळी सहा ते दहा गावाला पाणी येणार नाही" हे सांगता येतं. "पाणीयोजनेत गैरव्यवहार झाल्याचा विरोधकांचा आरोप" हे नाही. तरुण मुलामुलींना हे अन्यायाचं वाटतं, आणि वाटणं रास्तच आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं, तरी बातम्यांचं दार अजून उघडलेलं नाही. पण परवाना केंद्राचा आहे, एका आवेशापायी सगळं केंद्र धोक्यात घालू नका. गेल्या तीन महिन्यांचं प्रसारण जपून ठेवणं बंधनकारक असतं, त्यामुळे काय बोललात ते तपासता येतं. रोजचं मुद्रण तारखेप्रमाणे दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवा. सगळं एकाच संगणकावर असलं आणि वीज पडून तो जळला की तीन महिने गेले.

सातारी_कंदील

कायद्याचं थोडं माझ्याकडून. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख जाहीर करता येत नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सोचं (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३. ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. "अमुक वाडीतल्या आश्रमशाळेतली सातवीतली मुलगी" म्हटलं की वाडीला कळतं. जिल्ह्याच्या रेडिओवर ही चूक जास्त घातक, कारण ऐकणारे सगळे ओळखीचे. गाव, शाळा, नातं, तिन्ही गाळा. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर नको.

अपघातात मृत व्यक्तीचं नाव नातेवाइकांना कळल्याची पोलिसांकडून खात्री झाल्यावरच द्या. आपलं माणूस गेल्याचं रेडिओवरून कळणं यासारखी वाईट गोष्ट नाही. जखमींचा आकडा सिव्हिल हॉस्पिटलमधून, मृतांचा आकडा पोलिसांकडून, आणि दोन्ही जुळेपर्यंत "किमान" हा शब्द. आपत्तीत जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक कामाचा. पण तिथल्या कर्मचाऱ्याला बातमीदार म्हणून दर पंधरा मिनिटांनी छळू नका, त्याच ओळीवर अडकलेली माणसं फोन करत असतात. तासाची वेळ ठरवून घ्या.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली जात नाही. तक्रार देताना या कायद्याचा उल्लेख स्वतः करा, तो आपोआप लागेल असं धरू नका. करारपत्राची प्रत मोबाइलमध्ये ठेवा, तुम्ही माध्यमाचे आहात हे ती दाखवते.

वारणाकाठी

आता घराबद्दल, कारण शीर्षकात घर आहे आणि त्यावर कुणी लिहिलं नाही.

सकाळच्या बातमीपत्रासाठी पहाटे साडेचार-पाचला फोन सुरू होतात: पोलीस नियंत्रण कक्ष, अग्निशमन दल, धरणाचा कक्ष. लहान घरात हे सगळ्यांच्या उशाशी चालतं. त्यामुळे झोपायच्या खोलीतून फोन बाहेर काढा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा पडवीत एक ठरलेली जागा करा, तिथेच चार्जर, वही, पेन, क्रमांकांचा कागद. क्रमांक फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका, फोन पाण्यात पडला की सगळे गेले. जोडीदाराला किमान तीन गोष्टी माहीत असाव्यात: डेस्कचा क्रमांक, तुम्ही कुठे गेला आहात, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची.

दिवाळी, गणपती, मुलांच्या परीक्षा, कशालाच बातमीपत्र थांबत नाही. लग्न ठरताना हे स्पष्ट सांगावं. "रेडिओवर आहेत" एवढं ऐकून पाहुणे खूश होतात. पहाटेचे फोन आणि तारखेला न येणारं मानधन नंतर कळलं की घरात कुरबुरी सुरू होतात, आणि त्यात दोष घरच्यांचा नसतो.

नातेवाइकांचा आग्रह ही दुसरी बाजू. मामेभाऊ सरपंच, आत्याच्या संस्थेचं स्नेहसंमेलन, "दोन ओळी लाव की." एकदा लावली की कायमचं. नात्यातल्या माणसाची बातमी असेल तर डेस्कला आधी सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. घरी सांगायला ते सोपंही जातं: "निवड पुण्यात होते."

पुरात वाहत्या पाण्यातून दुचाकी घालू नका. अर्धा फूट वेगाचं पाणी मोठ्या माणसाला पाडतं, फूटभर पाण्यात छोटी मोटार तरंगायला लागते. बातमी पुलाच्या अलीकडूनही देता येते.

सातारी_कंदील

वारणाकाठींच्या मजकुराला जोडून पैशाचं. अपघात विमा आणि आरोग्य विमा स्वतःचा काढा, करारात तो नसतो. मानधनातून कर कापला जात असेल तर २६एएस (आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा तक्ता) तपासा, विवरणपत्र भरल्याशिवाय परतावा येत नाही. राज्य शासनाची अधिस्वीकृती पत्रिका (सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र) मिळत असेल तर जरूर घ्या, जिल्हा माहिती कार्यालयातून अर्ज जातो, एसटी प्रवासात सवलत मिळते. आजारपणासाठी शंकरराव चव्हाण पत्रकार कल्याण निधी आहे. ज्येष्ठांसाठी आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजना आहे, पण त्याला वयाची अट आहे आणि पत्रकारितेतला अनेक वर्षांचा अनुभव कागदावर दाखवावा लागतो. इथेच बहुतेकांचं अडतं. मुदतवाढीची पत्रं, मानधनाच्या पावत्या, नियुक्तीपत्र, काही फेकू नका. दर वर्षाची एक फाइल करा. तीस वर्षांनी ऑफिसमध्ये तुमची नोंद सापडेलच असं नाही.

नवी_पालवी

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचं एक: गावांच्या नावांचे उच्चार डेस्कला कसे कळवायचे? लिहून पाठवलं तरी वाचताना चुकतं.

मध्यमलहर

च, ज, झ यांना मराठीत दोन उच्चार आहेत, चहातला च वेगळा आणि चाकातला वेगळा, पण लिपीत फरक दिसत नाही. म्हणून मजकुराखाली एक ओळ द्यायची: "गावाच्या नावातला च, चहातल्यासारखा" किंवा "चाकातल्यासारखा". नुक्ता (अक्षराखालचं टिंब) देऊन लिहिलं तर टाइप करताना तो गळतो, शब्दांची जोडी गळत नाही. अवघड नाव असेल तर पाच सेकंदांची ध्वनिफीत जोडा, आणि ती तुमच्या आवाजात नको, त्याच गावच्या माणसाच्या आवाजात घ्या. ग्रामपंचायतीच्या शिपायाला फोन करून विचारलं तरी तो आनंदाने दोनदा म्हणून दाखवतो.